एरिकचं पाऊसपाणी

आमच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मुलाला पहिला प्रश्न मुलीच्या बापानं नाही, शेजारच्या सुखदेवभाऊ कऱ्हाळ्यांनी विचारला.

"नाव काय म्हनलं तुमचं?"

"हर्षल."

"किती अक्षरं?"

मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची गंमत असेल. हसून म्हणाला, "तीन."

"ते वरून झाले. आतून किती?"

मुलानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी पोह्यांच्या बशीकडे पाहिलं.

"पाच," सुखदेवभाऊंनी निकाल दिला. "ह, र, त्या र चा पाय मोडाची खून, ष, ल. कम्प्युटरात काम करून राह्यले अन् सोताचं नाव आतून माहीत नाही?" मग माझ्याकडे वळून, आवाज जराही खाली न आणता, "बाकी पोरगा वरून चांगला हाय, सर."

लग्न जमलं. हर्षल नंतर माझ्या मुलीला म्हणाला म्हणे, की कंपनीच्या मुलाखतीत इतका घाम फुटला नव्हता.

"वरून बरोबर हाय. आतून काय हाय?" हा सुखदेवभाऊंचा जगाला कायमचा प्रश्न. टरबूज घेताना हा प्रश्न. निवडणुकीतल्या उमेदवाराच्या हसऱ्या फोटोसमोर हा प्रश्न. गावाच्या नव्या कमानीवर ठळक रंगात नाव रंगवलं, तेव्हा तिच्याखाली उभं राहून पेंटरला हाच प्रश्न. पेंटर म्हणाला, आतून सिमेंट आहे. डॉक्टरांनी रक्तदाब पाहून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तर त्यांनाही हेच. आमच्या घरच्या पुरणपोळीपुरता तेवढा तो प्रश्न रास्त होता.

अमडापूरच्या बाजारगल्लीत त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेचे कागद. त्यांच्या वडिलांच्या काळात अक्षरं शिशाच्या खिळ्यांची होती. तेव्हा त्यांच्या आडनावातल्या 'ऱ्ह'साठी एक वेगळा खिळाच असे. हाताला लागणारा, वजन असलेला. मग कॉम्प्युटर आला आणि विजेच्या बिलापासून पासबुकापर्यंत सगळीकडे त्यांचं आडनाव मोडलं. 'कर्हाळे' छापून यायचं. "माह्या आडनावातला र यांनं उचलून डोक्यावर ठेवला," ते म्हणत. "मी काय गुन्हा केला, सर?"

छापखान्यातलं टायपिंग शांताबाई करायच्या, म्हणजे त्यांच्या मंडळी. खुर्चीवर मांडी घालून बसायच्या आणि पाहता पाहता लग्न जमवून टाकायच्या. त्या काळचा फॉन्ट जुन्या चालीचा होता. पडद्यावर मराठी दिसायचं आणि फायलीच्या पोटात इंग्रजी अक्षरं असायची. तो फॉन्ट गेला, नवा कॉम्प्युटर आला, आणि बाईंनी वीस-बावीस वर्षं टाइप केलेल्या सगळ्या पत्रिका उघडल्या की चौकोन, प्रश्नचिन्हं आणि डॉलर. "अख्ख्या गावाचे लग्न आतून मोडले," सुखदेवभाऊ म्हणाले होते. हा "आतून" तेव्हापासूनचा.

पुढे शांताबाई गेल्या. त्यानंतर सुखदेवभाऊ रोज सकाळी एक जुनी फाईल उघडत आणि तिच्यातलं एकेक चिन्ह ओळखून पुन्हा मराठी करत. गिऱ्हाईक नाही, मागणी नाही. ज्यांच्या त्या पत्रिका, त्यांची पोरं आता कॉलेजात. हे सगळं कशासाठी, असं मी कधी विचारलं नाही. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. न विचारणं हा माझा स्वभाव आहे आणि लोक त्याला सज्जनपणा म्हणतात. पुढची गोष्ट सांगायची तर त्या सज्जनपणाचं आतून काय आहे तेही सांगावं लागेल.

वेबसाइटचा पत्ता आता मराठी अक्षरांतही घेता येतो, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि छापखान्यासाठी पत्ता घ्यायला चिखलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुपारच्या बसनं परत आले ते तडक माझ्याकडे.

"सर, जगात दोन कऱ्हाळे हायेत."

मला वाटलं, भाऊबंदकी.

भानगड अशी होती. तो 'ऱ्ह' कॉम्प्युटरात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्या र ला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. दुसऱ्या रीतीत साधाच र घेतात आणि त्याच्यामागे एक जोडणारं चिन्ह घालतात, जे पडद्यावर दिसतच नाही. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. पत्त्यांच्या नियमांत त्या न दिसणाऱ्या चिन्हाला मज्जाव होता, त्यामुळे जुन्या सवयीनं टाइप करणाऱ्या माणसाला कऱ्हाळ्यांचा पत्ता सापडणारच नाही.

"दुकानदार म्हने, काका, कोनता बी एक निवडा. म्या म्हनलं, तुह्या बापानं तुले असाच निवडला होता काय बे?"

दुकानदारानं त्यांना घालवण्यासाठी सांगितलं, की हे नियम जगभरच्या माणसांची एक समिती ठरवते, तिचा ईमेलवर वाद चालू असतो आणि तिथं कोणीही आपलं म्हणणं पाठवू शकतो. बिचाऱ्याला वाटलं पीडा गेली. पीडा माझ्या दारात येऊन उभी राहिली. वाद इंग्रजीत होता आणि मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवतो.

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो.

मग पत्रं सुरू झाली. छापखान्यात एक पत्रिका चुकली होती. नवरदेवाच्या जागी मामाचं नाव पडलं होतं. त्या दोनशे पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर सुखदेवभाऊ मजकूर लिहून आणत. एका बाजूला गणपती आणि मामाचा शुभविवाह, दुसऱ्या बाजूला जगाच्या इंटरनेटला सूचना.

"तुमी म्हनता, ते चिन्ह दिसत नाही म्हनून काढून टाका. हवा दिसते काय? थे बी काढता काय?" किंवा, "तुमच्या समितीत शिकेल लोक हायेत. पन खिळा जुळवेल एक तरी हाय काय? असीन तं त्याले मधात बसवा." हे सगळं मी "समितीनं मुद्रणक्षेत्रातील अनुभवी व्यक्तींचा विचार करावा ही नम्र विनंती" अशा इंग्रजीत बसवायचो.

पहिल्या पत्राला खरंच उत्तर आलं. दोन ओळी. आपला मुद्दा नोंदवला आहे, आभारी आहोत. सुखदेवभाऊंनी ते छापून कॅलेंडरशेजारी चिकटवलं आणि आल्यागेल्याला दाखवलं. पाव्हण्यारावळ्यांत त्यांची ओळख "समितीवाले" अशी झाली. शांताबाईंचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं. त्या दोन ओळींनंतर ते पहिल्यांदा इस्त्रीचा सदरा घालून छापखान्यात बसलेले मी पाहिले.

मग नियमांचा नवा मसुदा निघाला. सूचना पाठवायची शेवटची तारीख ठरली. सुखदेवभाऊ चार पत्रिका भरून घेऊन आले. त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं त्यात होतं. दोन रीती राहू द्या, पण त्यांना एकच माना. एकानं पत्ता घेतला की दुसरा कोणालाच देऊ नका, दोन्हींनी माणूस एकाच दारात पोचला पाहिजे. म्हणणं साधं होतं आणि, आता सांगतो, बरोबर होतं.

बारावीचे पेपर तपासायला आले होते. मी त्या चार पत्रिका गठ्ठ्यात खोचल्या. आठवण झाली तेव्हा तारीख उलटून तीन दिवस झाले होते.

"सर, गेलं काय?"

"गेलं," मी म्हणालो.

एवढंच. तोंडातून शब्द निघायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, "उत्तर आलं काय?" तिसऱ्या दिवशी तेच. दहा दिवस रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो की ओट्यावर सुखदेवभाऊ. अकराव्या दिवशी मी उत्तर आणलं. स्वतः लिहिलं, इंग्रजीत, एरिक नावाच्या समितीतल्या गृहस्थाच्या सहीनं, आणि भाऊंना मराठीत वाचून दाखवलं. देश मुद्दाम थंड निवडला. तिथून कोणी अमडापूरला येण्याची भीती कमी. "आपलं चारपानी पत्र पोचलं. मुद्दा विचारात पाडणारा आहे. पण मी सहमत नाही." सहमत नाही हे घातलं, कारण वाद मिटेल असं वाटलं.

मी सुखदेवभाऊंना ओळखत नव्हतो असंच म्हणावं लागेल.

"सहमत नाही?" त्यांचे डोळे लकाकले. "काऊन नाही? बसा, सर. लिहून घ्या."

एरिकशी त्यांचा वाद सव्वा वर्ष चालला. माझी पंचाईत अशी, की एरिकला काही बोलायचं तर मला ते आधी समजायला हवं. पहाटे उठून मी ते नियम वाचू लागलो. एरिकनं लिहिलं, "न दिसणारी चिन्हं चालू दिली तर लबाड माणसं वरून तोच दिसणारा, पण आतून वेगळा पत्ता तयार करतील आणि भोळ्या लोकांना फसवतील." हे वाक्य टाइप करताना मला लाज वाटली नाही. उलट युक्तिवाद जमला म्हणून मी खूश होतो. एकदा तर एरिकनं सुखदेवभाऊंना असं निरुत्तर केलं की ते दोन दिवस फिरकले नाहीत आणि मी वर्गात गुणगुणत होतो.

बायको म्हणाली, "तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाशी खोट्या नावानं भांडता, आणि वर जिंकता?"

मी एरिकचं पुढचं पत्र लिहायला घेतलं.

त्या पत्रांत हळूहळू दुसरंही काही येऊ लागलं. एरिकनं गुडघ्याची चौकशी केली, तर सुखदेवभाऊंनी अर्धी पत्रिका गुडघ्यावर खर्च केली. एरिकनं विचारलं, जेवणाचं कसं करता? उत्तर आलं: "भाकर मले जमते. भाजी जमत नाही. शांता मीठ हातानं टाके, चमचा नोयता, म्हनून माप कुठंच लिहून नाही." एरिकनं जुन्या फायलींबद्दल विचारलं. शेजारी राहून मी विचारलं नव्हतं, एरिकनं विचारलं. सुखदेवभाऊंनी लिहिलं, की बाईंच्या बोटांनी दाबलेल्या कळा आहेत त्या. कागदावरची पत्रिका काय, कोणीही पुन्हा टाइप करील, पण ती दुसऱ्याची होईल. म्हणून चुकांसकट जशाच्या तशा काढतो.

हे मी इंग्रजीत केलं आणि कोणालाच पाठवलं नाही.

आणि दर पत्राच्या शेवटी ताजा कलम: "काही चुकलं असीन तं भाषांतर करनाऱ्या सरांचा दोष धरू नका. मानूस बोलत नाही, पन चांगला हाय." हे वाक्य मी पंधरा-वीस वेळा तरी भाषांतरित केलं असेल. पहिल्या वेळी इंग्रजी सुचेना. नंतर पाठ झालं.

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका अर्थात कऱ्हाळ्यांकडेच. हर्षलचं नाव त्यांनी वरून, आतून तपासून घेतलं. गठ्ठे बांधून झाले तेव्हा एक पाकीट बाजूला काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं, "श्री. एरिक, सहकुटुंब सहपरिवार."

"पत्ता सांगा, सर. पोस्टानं धाडतो. येनं न येनं त्याच्या मनावर, पन आपल्याकून बोलावनं गेलं पाह्यजे."

मी म्हणालो, घरी लिहून ठेवलाय, उद्या देतो. तीन उद्या गेले. चौथ्या दिवशी दुपारी मी छापखान्यात गेलो. शाळेतल्या वात्रट पोरानं हेडमास्तरसमोर उभं राहावं तसा दाराजवळ उभा राहिलो.

"भाऊ, एरिक नाही."

"म्हंजे? सुट्टीवर गेला?"

"नाहीच आहे. मीच लिहायचो."

सुखदेवभाऊ पाकिटांना डिंक लावत होते. हातातलं पाकीट त्यांनी नीट दाबलं, मग दुसरं घेतलं.

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"पयल्या पत्रापासून." त्यांनी कॅलेंडरशेजारची ती दोन ओळींची चिठ्ठी बोटानं दाखवली. "समितीवाले असे लिहितात. अन् तुमच्या एरिकनं काय लिहिलं? 'तिकडं पाऊसपाणी कसं हाय? सोयाबीन निंदून झालं काय?' तिथं बर्फात बसेल मानसाले आमच्या सोयाबीनचं काय पडलं हो?"

मी कपाळाला हात लावला. गावातल्या लोकांची पत्रं शाळेत असल्यापासून मी लिहून देत आलोय. पाऊसपाण्याशिवाय पत्र बंद करता येतं, हेच माझ्या हाताला ठाऊक नव्हतं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, भाऊ? वर पत्रिकेचा पत्ता..."

"पत्ता इचारला, म्हनजे तुमाले सांगाले जागा भेटीन म्हनून." ते पहिल्यांदा माझ्याकडे पाहत म्हणाले, "शांता गेल्यापासून मले पाऊसपाणी कोनी इचारलं नोयतं, सर. तुमी बी नाही. एरिक इचारे. मंग म्या म्हनलं, असू दे. वरून एरिक हाय, आतून आपलाच मानूस हाय."

इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. मी आयुष्यभर नेमका इथंच गप्प बसत आलोय.

"भाऊ, अजून एक आहे. ते चार पत्रिकांचं पत्रही गेलं नाही. तारीख उलटून गेली होती. मी तुम्हाला गेलं म्हणालो."

डिंकाचा ब्रश थांबला.

हे त्यांना माहीत नव्हतं. एरिक खोटा आहे हे ठाऊक असूनही, आपलं म्हणणं तिथं जगाच्या फायलीत कुठंतरी पडलेलं आहे, हे सव्वा वर्ष त्यांनी धरून ठेवलं होतं. ते बाहेर गल्लीकडे पाहत राहिले. एक गिऱ्हाईक पावतीपुस्तक मागायला आलं, त्याला त्यांनी हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"कुठी हायेत त्या पत्रिका?" त्यांनी विचारलं.

"घरी. कपाटात."

"वाळवी लागली असीन तं पुन्हा लिहून देतो." मग डिंकाची वाटी बाजूला सारत, "तारीख गेली, पन तो वाद तं अजून चालूच हाय ना? मंग धाडा. अन् उशीर कोनाच्यानं झाला, ते बी लिहा."

"लिहितो."

"गोड करून नोको. जसं हाय तसं."

मी लिहिलं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच तऱ्हेनं इंग्रजीत उतरवलं, हवासुद्धा ठेवली आणि खिळा जुळवणारा माणूसही ठेवला. खाली माझी चूक लिहिली, माझ्या नावानं. सत्तावीस वर्षांत मी लिहिलेलं ते सगळ्यात साधं इंग्रजी असेल.

लग्न पार पडलं. मंडपात सुखदेवभाऊंनी हर्षलच्या मित्रांना त्यांची नावं आतून विचारून जेरीस आणलं. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलत. ओट्यावर बसणं बंद होतं. दूध घेऊन मी रिकाम्या ओट्यावरून परत यायचो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मी छापून छापखान्यात नेलं. त्यांनी चष्मा लावला, इंग्रजी एकेक अक्षर बोट ठेवून पाहिलं, मग मला वाचायला दिलं. उशिरा पोचलेली सूचना नोंदवून घेतली आहे. पुढच्या फेरीत ती चर्चेला ठेवू. आभारी आहोत.

"हे असली हाय," ते म्हणाले. "पाऊसपाण्याचं काहीच नाही."

त्यांनी ते जुन्या चिठ्ठीशेजारी चिकटवलं. सरळ लागलं का ते मागं सरून पाहिलं. पडद्यावर एक फाईल उघडी होती, अर्धे चौकोन, अर्धी मराठी. खुर्चीत बसताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

"अन् एरिकचं?" त्यांनी पाठमोरंच विचारलं. "त्याचं काही आलं?"

"एरिकचं काही नाही, भाऊ." मी दारापर्यंत गेलो होतो. तिथून परत आलो आणि गिऱ्हाइकांसाठीचं स्टूल ओढलं. "गुडघा कसा आहे तुमचा?"

ते वळले. चष्म्यावरून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. टरबूज पाहतात तसं.

"चहा सांगा दोन," ते म्हणाले. "हे लंबं हाय."